रनिंग किती?

गेल्या महिन्यात कराडहून मामांचा फोन आला. "आरं, गाडी विकतोय. बाहेर देण्यापरीस म्हटलं घरात ऱ्हावी. तू घेतोस का?"

गाडी म्हणजे मामांची पांढरी डिझायर. डिझेल, नोंदणी २०१२ ची, पहिला मालक, १ लाख ८४ हजार किलोमीटर. मामांची ठिबक सिंचनाची एजन्सी. त्या गाडीने कराड, पाटण, इस्लामपूर, विटा सगळं पालथं घातलेलं. आता मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, रात्रीचं ड्रायव्हिंग बंद, धंदा मुलाने वेगळ्या वळणावर नेलाय. किंमत सांगितली दोन लाख. "बाहेर अडीच येतील, पण तुला दोनच." आता मामा असं बोलल्यावर भाचा काय बोलणार?

आणि गाडी मला खरोखर हवी आहे. बाबांची बायपास झाल्यापासून महिन्यातून एकदा त्यांना तपासणीसाठी पुण्याला आणावं लागतं. ते एसटीने यायला तयार असतात, पण स्वारगेटला उतरताना त्यांचा चेहरा बघवत नाही. भाड्याची गाडी केली की एका फेरीला चार-पाच हजार जातात, आणि त्या पैशांवरून बाबा दिवसभर मला बोलतात ते वेगळंच.

अडचण दोन बाजूंनी होती. एक म्हणजे तेरा-चौदा वर्षांची डिझेल गाडी आजच्या दिवसात घ्यावी का? दुसरी म्हणजे बायकोला लहानपणापासून दमा आहे, इनहेलर पर्समध्ये असतो. डिझेल म्हटल्यावर तिने भुवया उंचावल्या, पण नाही म्हणाली नाही. म्हणाली, "आधी नीट हिशेब कर, मग बोलू."

हिशेब करायला बसलो आणि इतिहासात शिरलो. आमच्या धंद्यात असंच होतं. बग एका ओळीत असतो, पण ती ओळ तिथे का आली हे कळायला कोणीतरी वीस वर्षांपूर्वी लिहिलेला कोड वाचावा लागतो. दोन वीकांत त्यात गेले. हाती जे लागलं ते इथे मांडतोय.

*

सुरुवात रुडॉल्फ डिझेल साहेबांपासून. या जर्मन इंजिनिअरला १८९३ मध्ये पेटंट मिळालं आणि १८९७ मध्ये ऑग्सबर्गच्या कारखान्यात त्याचं इंजिन नीट चाललं. कल्पना अशी की हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापेल, मग त्या तापलेल्या हवेत इंधन फवारायचं, ते आपोआप पेटेल. स्पार्क प्लगची गरजच नाही. चाचणीत त्या इंजिनाची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. त्या काळची वाफेची इंजिनं साधारण दहा टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होती, म्हणजे ही उडी केवढी मोठी होती बघा.

पण एवढा दाब सोसायला इंजिन जाडजूड लागतं. जड, महाग, आवाज करणारं. म्हणून डिझेल इंजिन आधी कारखान्यात, जहाजात, मग ट्रकमध्ये गेलं. मोटारीत यायला १९३६ साल उजाडलं, मर्सिडीजच्या २६० डी या गाडीपासून.

आपल्याकडेही तसंच. आपल्या आजोबांच्या पिढीसाठी डिझेल म्हणजे विहिरीवरचं इंजिन. शंतनुराव किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू केली. १९५४ मध्ये टेल्कोने डाइम्लर-बेंझबरोबर करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. पंप, ट्रॅक्टर, ट्रक, एसटी... डिझेल ही कष्टाची वस्तू होती. मोटार ही चैनीची वस्तू, आणि ती पेट्रोलवर चालायची.

ही विभागणी लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

सरकारने इंधनाच्या किमती आपल्या हातात ठेवल्या होत्या. डिझेल महागलं की ट्रकचं भाडं वाढतं, भाजी महागते, एसटीचं तिकीट वाढतं, शेतकऱ्याचं पाणी महागतं. पेट्रोल महागलं तर फार तर मोटारवाला कुरकुरतो. म्हणून डिझेल स्वस्त आणि पेट्रोलवर कर जास्त. १९५५ किंवा १९७५ साली बसून कोणी हा नियम लिहिला असता तर मीही तोच लिहिला असता. त्यात चूक काहीच नव्हती. फक्त एक गृहीतक न लिहिता आत राहून गेलं होतं: मोटारी पेट्रोलवरच चालणार.

*

ते गृहीतक हळूहळू मोडत गेलं.

ऐंशीच्या दशकात अँबॅसिडर डिझेल इंजिनासह मिळू लागली होती. ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना वर्णन नको, आणि ज्यांनी ऐकली नाही त्यांनी पिठाच्या गिरणीत बसून प्रवास करतोय अशी कल्पना करावी :) मग १९९४ मध्ये टाटा सुमो आली. ते नाव सुमंत मुळगावकरांच्या नावातून आलं आहे हे बहुतेकांना माहीत असतं. वडाप म्हणून ती गावोगाव धावली. १९९८ मध्ये मारुतीने झेनमध्येसुद्धा प्युजोचं दीड लिटरचं डिझेल इंजिन घालून पाहिलं.

खरा बदल पिंपरीत घडला. ३० डिसेंबर १९९८ ला टाटा इंडिका बाजारात आली. रतन टाटांनी तिचं वर्णन आधीच करून ठेवलं होतं: आकार झेनचा, आतली जागा अँबॅसिडरची, किंमत मारुती ८०० च्या जवळपासची आणि चालवायचा खर्च डिझेलचा. १४०५ सीसीचं साधं इंजिन, ताकद पन्नासच्या वर थोडीशी. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी झाल्या, मग २००१ ची व्ही-टू आली आणि तिने बाजी फिरवली. मध्यमवर्गीय माणूस पहिल्यांदाच म्हणू लागला की गाडी परवडते, कारण डिझेल स्वस्त आहे.

२००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी गाडी कोणती? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. (डिझायरची दुसरी पिढी मागून कापल्यासारखी का दिसते, याचं उत्तर या एका वाक्यात आहे. मामांच्या गाडीची डिकी अर्थमंत्र्यांनी कापली आहे!)

आणि २००७ मध्ये स्विफ्टमध्ये ते इंजिन आलं. फियाटचं १.३ लिटर मल्टीजेट, १२४८ सीसी. युरोपात ते २००३ मध्ये आलं होतं. सुझुकी ते मानेसरला बनवू लागली आणि फियाट आपल्या रांजणगावला. कॉमन रेल तंत्रामुळे दीड हजार बारच्या आसपास दाबाने इंधन फवारलं जायचं, संगणक ठरवेल त्या क्षणी आणि तेवढंच. गिरणीचा आवाज गेला, ताकद आली, ॲव्हरेज वाढलं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया, अर्टिगा, सियाझ... इतक्या गाड्यांत ते बसलं की गाड्यांचे शौकीन त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले.

आता त्यात किमतीची भर पडली. जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलचं नियंत्रण सोडलं, डिझेलचं मात्र ठेवलं. पेट्रोल कच्च्या तेलाबरोबर वर जात राहिलं आणि डिझेल खालीच राहिलं. मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे होतं. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! त्या आर्थिक वर्षात देशात विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या.

मामांनी गाडी घेतली ती नेमकी याच वर्षी. मला आठवतंय, तेव्हा मी शाळेत होतो. दिवाळीत गाडी दाखवायला आले तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "डिझेल का घेतली?" मामांनी उलट विचारलं, "दाजी, आमचं रनिंग किती हाय माहितीय का? म्हैन्याला अडीच हजार." विषय संपला. डिझेल गाडीच्या कुठल्याही चर्चेत पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्या वर्षी त्याचं उत्तर बहुतेकांना अनुकूलच यायचं.

*

आता माझा हिशेब. तो करताना एक गोष्ट सापडली, आणि हा लेख लिहायला बसलो तो त्यामुळेच.

माझं रनिंग महिन्याला साधारण हजार किलोमीटर. बाबांना आणणं-सोडणं म्हणजे कराडच्या दोन फेऱ्या, साडेसहाशेच्या आत. कोथरूडहून हिंजवडीला आठवड्यातून दोन दिवस, सव्वातीनशे. उरलेलं किरकोळ. वर्षाला १२ हजार धरू. डिझेल गाडी लिटरला १८ देईल, तशीच पेट्रोल गाडी १५ देईल असं धरलं. म्हणजे वर्षाला डिझेल ६६७ लिटर किंवा पेट्रोल ८०० लिटर.

आधी २०१२ च्या दिल्लीच्या भावाने करून बघितलं. पेट्रोलचा खर्च साडेअठ्ठावन्न हजार, डिझेलचा सव्वासत्तावीस हजार. बचत ३१ हजारांच्या वर.

मग स्वतःलाच एक प्रश्न विचारला. समजा त्या वर्षी डिझेलही पेट्रोलच्याच भावाने, ७३.१८ ला मिळालं असतं तर? तेव्हा डिझेलचा खर्च ४८ हजार ८०० झाला असता आणि बचत फक्त ९ हजार ७५०.

म्हणजे ३१ हजारांच्या बचतीत इंजिनाचा वाटा पावणेदहा हजारांचा. (त्यातही एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा मुळातच सुमारे दहा टक्के जास्त ऊर्जा असते, हे सोडून देऊ.) उरलेले साडेएकवीस हजार किमतीतल्या फरकाचे, म्हणजे धोरणाचे. एक तृतीयांश बचत रुडॉल्फ साहेबांनी दिली आणि दोन तृतीयांश दिल्लीने. आपण सगळे मात्र कौतुक इंजिनाचं करत होतो.

दिल्लीने तरी ते कुठून दिले? तेल कंपन्या डिझेल तोट्यात विकत होत्या आणि तो तोटा सरकार व सरकारी तेल कंपन्या मिळून भरत होत्या. २०१२-१३ या एका वर्षात डिझेलवरचा हा आकडा सुमारे ९२ हजार कोटी रुपये होता. आणि हे डिझेल जात कुठे होतं? पेट्रोलियम मंत्रालयाने केलेल्या पाहणीचे आकडे जानेवारी २०१४ मध्ये जाहीर झाले. ट्रकचा वाटा सर्वात मोठा होता, पण खाजगी मोटारी आणि एसयूव्ही एकूण डिझेलपैकी सुमारे १३ टक्के पीत होत्या. शेतीचा वाटा किती? तोही सुमारे १३ टक्केच.

हे वाचून मी जरा थांबलो. ज्या शेतकऱ्याचं नाव सांगून डिझेल स्वस्त ठेवलं, त्याच्याइतकंच आपणही ढोसत होतो. किरीट पारीख समितीने फेब्रुवारी २०१० मध्येच सुचवलं होतं की डिझेल मोटारींवर ८० हजार रुपयांचं जादा शुल्क लावा म्हणजे हा फायदा वसूल होईल. ते झालं नाही.

दुसरा खर्च तर कुठल्याच बिलात नव्हता. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. म्हणजे 'शक्यता आहे' असं नाही, 'पुरेसा पुरावा आहे'. पेट्रोल-डिझेलमधला फरक आपल्याकडे सर्वात मोठा झाला त्याच्या पुढच्याच महिन्यात ही बातमी आली. शोरूमची गर्दी काही कमी झाली नाही. आमच्या घरातही कुणी वाचली नसावी.

*

उतरण जशी आली तशी पटापट सांगतो.

जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला सुमारे ५० पैशांनी वाढू लागलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये, जगात तेल स्वस्त होत असताना, सरकारने डिझेलचं नियंत्रणही सोडलं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनची लबाडी उघड झाली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर त्यांनी गाड्यांत घातलं होतं. आपल्या व्यवसायातल्या कुणीतरी बसून ती 'इफ-एल्स' लिहिली असणार, हे मला अजून टोचतं. आपल्या पुण्याच्या एआरएआयने चाचण्या घेतल्यावर भारतातही तीन लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावायचं ठरलं.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. डिझेल गाडीला धुरातली काजळी पकडणारा फिल्टर आला, खर्च वाढला. मारुतीने एप्रिल २०१९ मध्येच डिझेल बंद करण्याची घोषणा केली होती आणि ते 'राष्ट्रीय इंजिन' वर्षभरात निवृत्त झालं. २४ जून २०२० ला तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं. ७९.८८ आणि ७९.७६. बारा पैशांचाच फरक, पण ज्या पायावर मामांचा २०१२ चा हिशेब उभा होता तो पायच त्या दिवशी तिथे शिल्लक नव्हता.

मग जुन्या गाड्यांचं काय? एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्ली परिसरात चालवायला बंदी घातली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १ जुलै २०२५ ला दिल्लीत अशा गाड्यांना पंपावर इंधन नाकारायला सुरुवात झाली आणि ओरड झाल्यावर दोन-तीन दिवसांत ते थांबलं. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई करू नका असं सांगितलं आणि डिसेंबरमध्ये त्या संरक्षणातून बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्या वगळल्या. एकाच गाडीचं भवितव्य एका वर्षात तीनदा बदललं.

पुण्यात अशी वयाची सरसकट बंदी आलेली नाही. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. मग तपासणी, पर्यावरण कर आणि पाच वर्षांचं नूतनीकरण. मामांच्या गाडीला ही वेळ २०२७ मध्ये येणार. पण जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातून पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने काढता येतील का हे तपासायला सांगितलं आणि राज्य सरकारने समितीही नेमली. वारा कुठल्या दिशेचा आहे हे दिसतंच.

जुनी डिझेल बघणाऱ्यांसाठी इथे एक कामाची गोष्ट. बीएस-४ हे एप्रिल २०१० मध्ये फक्त १३ शहरांत लागू झालं होतं. त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर होतं. संपूर्ण देशात ते एप्रिल २०१७ ला आलं. म्हणजे मधल्या सात वर्षांत पुण्यात नोंदलेली गाडी बीएस-४ असणारच, पण साताऱ्यात किंवा सांगलीत नोंदलेली त्याच वर्षाची गाडी बीएस-३ असू शकते. गाडीचं वय बघून समाधान मानू नका, नोंदणीचा तपशील बघा.

मामांची बीएस-४ निघाली. मला हायसं वाटलं. मग मर्यादांचा तक्ता उघडला आणि ते हायसं जरा कमी झालं. बीएस-४ च्या पेट्रोल गाडीला नायट्रोजन ऑक्साइड्सची मुभा किलोमीटरला ०.०८ ग्रॅम, डिझेल गाडीला ०.२५. तिप्पट. सूक्ष्म कणांची मर्यादा ०.०२५ ग्रॅम, बीएस-६ मध्ये तीच ०.००४५, म्हणजे पाचव्या भागाहूनही कमी. आणि आपण काढतो ती पीयूसी? डिझेलसाठी ती धुराचा काळेपणा मोजते. नायट्रोजन ऑक्साइड्स त्यात मोजतच नाहीत.

*

एका शनिवारी कराडला जाऊन गाडी बघितली. मामांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की सकाळी गाडी सुरू करू नका, थंड इंजिन बघायचंय. मामा हसले. "कांदेपोहे हायत व्हय रं?"

मामांच्या ओळखीचे मिस्त्री आले. त्यांनी जे बघितलं ते लिहून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं का. धुराचा रंग: काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा गरम झाल्यावरही राहिला तर जास्त काळजी. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून आतून फुंकर किती येते. प्रत्येक नोझलमधून परत येणारं डिझेल सारखं आहे का. चढावर तिसऱ्या गियरमध्ये क्लच घसरतो का.

निकाल: इंजिन खणखणीत. दोन नोझल थकलेल्या. क्लच संपत आलेला. पुढच्या बुशा आणि लोअर आर्म बदलायचे. टायर दोन. "साठेक हजार धरून चाला," मिस्त्री म्हणाले. "पण इंजिनाला आणखी लाखभर किलोमीटर काय होत न्हाय. रोडची गाडी हाय ही, सिटीची न्हाय."

परत येताना खंबाटकीच्या बोगद्याआधी ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा डोक्यात शेवटचा हिशेब चालू होता. आजचा फरक लिटरमागे १४ रुपये धरला, डिझेल ९१ आणि पेट्रोल १०५. माझी वर्षाची बचत २३ हजारांच्या थोडी वर. त्यातले १४ हजार इंजिनाचे आणि ९ हजार भावातल्या फरकाचे. म्हणजे धोरणाचा वाटा आता निम्म्याहूनही कमी झालाय. त्याच वयाची, त्याच प्रकारची पेट्रोल गाडी दोन-सव्वादोन लाखांत मिळते आणि तिच्यावर सुरुवातीचा खर्च कमी आहे. डिझेलचं एक मोठं काम निघालं, टर्बो किंवा हाय-प्रेशर पंप, की दोन-तीन वर्षांची बचत गेली. काही निघालं नाही तर डिझेल पुढे.

खरं सांगायचं तर पैशांच्या हिशेबात डिझेल हरली नाही. नशीब साथ देईल तर ती थोडी पुढेच राहील. पण २०१२ मध्ये मामांना जे मिळत होतं ते मला मिळणार नव्हतं. तेव्हा धोका कमी आणि बचत मोठी होती, कारण बराचसा खर्च दुसरं कुणीतरी उचलत होतं. आता बचत छोटी आहे, धोका माझा आहे, आणि धुराचा वाटा मात्र अजूनही दुसऱ्याच्याच नाकात जाणार.

इथे कुणी म्हणेल, गाडी तर बनलेलीच आहे, तू नाही घेतलीस तर दुसरा घेईल, हवेला काय फरक? मीही स्वतःशी हाच वाद घातला. फरक आहे. तीच गाडी हायवेवर ऐंशीच्या वेगाने जाते तेव्हा वेगळी वागते आणि हिंजवडीच्या रांगेत अर्धा तास रखडते तेव्हा वेगळी. मिस्त्री म्हणाले ते खरं होतं. ती मोकळ्या रस्त्यावरून उचलून मी सिग्नलवर आणून उभी करणार होतो. माझ्या मागच्या स्कूटरवर बसलेल्या कुणाच्या तरी पर्समध्येही इनहेलर असेलच की.

घरी येऊन बायकोला सगळा तक्ता दाखवला. तिने दमाबिमा काही काढला नाही. एवढंच म्हणाली, "मग मामांना तूच सांग. मेसेज नको करूस, फोन कर."

फोन केला. कसं सांगावं हे दोन दिवस ठरत नव्हतं. बीएस-४, सूक्ष्म कण, धोरण वगैरे बोलायला लागलो तर मामांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि मध्येच विचारलं, "ते ऱ्हाऊ दे. तुझं रनिंग किती?"

"महिन्याला हजार. त्यातलं तीन-चारशे सिटीत."

"मग आधीच सांगायचं न्हाय का! हजाराला डिझेल कशाला घेतोस? उगं नोझलला पैसे घालशील." आवाजात नाराजी नव्हती. जरा हलकंच वाटल्यासारखं होतं, कदाचित मला कमी भावात द्यायची जबाबदारी सुटली म्हणून :) "पण दाजींना आणायला गाडी घेशील ना तू?"

"घेतो मामा. पेट्रोल बघतोय."

"बघ. आन् घेताना मला सांग, मिस्त्रीला घिऊन येतो."

गाडी पंधरा दिवसांत गेली. मसूरकडच्या एकाने घेतली, पनीर-खवा गोळा करून रोज कोल्हापूरला पोचवतो. रोजचं दीडशे किलोमीटर, सगळं हायवेचं. मामांना अडीच लाख मिळाले. नोझल त्यानेच बदलून घेतल्या म्हणे, पहिल्याच आठवड्यात.

आम्ही एक सात वर्षांची पेट्रोल गाडी बघून ठेवली आहे. इंधनाला महिन्याला दोनेक हजार जास्त जातील. पुढच्या तपासणीला बाबांना तिच्यातून आणायचं ठरलंय. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"ॲव्हरेज किती देते रे?"

असो.